संगमावरची गढी, समुद्रातला मनोरा

पाण्याने वेढलेल्या लहानशा भूमीवर उंच बांधकाम उभारण्यामागे इतिहासात प्रामुख्याने दोन हेतू आढळतात. येणाऱ्याला अडवणे हा एक आणि येणाऱ्याला वाट दाखवणे हा दुसरा. पहिल्या हेतूतून बुरूज घडतो, दुसऱ्यातून दीपगृह घडते, आणि ही दोन्ही बांधकामे उंच, भक्कम व दगडी असली, तरी त्यांची राजनीती परस्परांच्या नेमकी उलट असते, कारण बुरुजाला शत्रू आणि मित्र यांत भेद करावा लागतो, तर दिव्याला तसा भेद करताच येत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे दोन्ही हेतू एकाच खडकावर, सुमारे एकशे नव्वद वर्षांच्या अंतराने साकार झाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोरचे खांदेरी बेट होय. पाण्यालाच तट मानण्याची ही बुद्धी मात्र केवळ किनाऱ्याची मिरास नव्हती. समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, जालना जिल्ह्यातील जाफराबादेतही तिचा वापर झालेला दिसतो, आणि म्हणून खांदेरीचा इतिहास समजून घेताना संगमावरच्या या गावापासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

दोन नद्यांच्या बेचक्यातले गाव

जाफराबाद हे पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावर वसलेले तालुक्याचे गाव आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. गावाचे नाव औरंगजेबाच्या अमलातील जाफरखान या फौजदारावरून पडले. फौजदार म्हणजे एखाद्या परगण्यात लष्करी बंदोबस्त ठेवणारा आणि वसुलीला बळ पुरवणारा मुघल अधिकारी. गावाभोवती दगडी तट आणि आत गढी अशी रचना येथे करण्यात आली. गढी हा शब्द मराठवाड्यात सर्वपरिचित असला, तरी किल्ल्याहून तिचे वेगळेपण सांगणे आवश्यक आहे. किल्ला राज्याच्या सरहद्दीचा किंवा मार्गाचा विचार करून बांधला जातो, तर गढी ही एखाद्या अधिकाऱ्याचे, देशमुखाचे किंवा जहागिरदाराचे तटबंद निवासस्थान असते आणि तिचा धाक पंचक्रोशीपुरता असतो. येथील मुख्य मशिदीवरच्या फारसी शिलालेखात ती औरंगजेबाच्या आज्ञेने हिजरी १०७६ मध्ये बांधल्याची नोंद आहे. हिजरी सनाचे हे वर्ष जुलै १६६५ ते जुलै १६६६ या काळात येते. पुरंदरच्या तहानंतरचे आणि शिवाजी महाराजांच्या आग्रा भेटीपर्यंतचे हेच ते वर्ष असून, तिकडे मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात पाया घातलेल्या सिंधुदुर्गाचे काम त्याच वेळी चालू होते. म्हणजे एकाच कालखंडात मुघल सत्ता देशावर नदीच्या आश्रयाने तट बांधत होती आणि मराठी सत्ता समुद्राच्या आश्रयाने.

जाफराबाद हे बेट नव्हे. दोन नद्यांच्या बेचक्यातील भूमीला दोन बाजूंनी पाण्याचा आधार मिळतो आणि उरलेल्या बाजूंना माणसाला भिंत घालावी लागते, एवढाच त्या जागेचा लाभ असतो; शिवाय मराठवाड्यातील नद्यांचे पाणी ऋतूप्रमाणे बदलत असल्याने पावसाळ्यात अभेद्य वाटणारा हा नैसर्गिक खंदक चैत्र-वैशाखात पायी ओलांडता येतो. नदीचा तट किती फसवा असतो, याचा धडा याच केळनेने २३ सप्टेंबर १८०३ रोजी दिला. असईच्या लढाईत दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य केळना आणि तिला मिळणारी जुई या दोन प्रवाहांमधील जिभेसारख्या भूमीवर उभे होते, आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेला आर्थर वेलस्ली समोरच्या तीरावर होता. वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे सांगितले असताना, नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात त्याअर्थी त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच, असे अनुमान त्याने केले आणि ते खरे निघाले. उतार म्हणजे नदीचे पात्र उथळ असल्याने पायी किंवा गाडीने ओलांडता येण्याजोगी जागा. ज्या पाण्याच्या भरवशावर बगल मोकळी ठेवली होती, त्याच पाण्यातून शत्रू आला. असईचा हा धडा समुद्रातील बेटांनाही जसाच्या तसा लागू पडतो, फक्त तेथे उताराची जागा होडी घेते.

नावांचा गुंता

सागरी इतिहासाच्या ग्रंथांत जाफराबाद हे नाव वारंवार भेटते आणि मराठवाड्यातील वाचकाचा त्यामुळे गोंधळ होण्याचा संभव असतो. ते जाफराबाद सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे बंदर असून, अठराव्या शतकापासून ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या ताब्यात होते आणि १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत राहिले. या दोन गावांत नावाखेरीज थेट संबंध नसला, तरी एका सूत्राने ती खांदेरीच्या कथेत एकत्र येतात. एक जाफराबाद औरंगजेबाच्या फौजदाराने वसवले, आणि दुसरे पुढे ज्या सिद्दी घराण्याकडे गेले, त्या घराण्याला सतराव्या शतकात मुघल आरमाराचे प्रमुखपद आणि त्यासाठीचा तनखा औरंगजेबानेच दिला होता.

शब्दांचाही असाच प्रवास आहे. अरबी भाषेत जझीरा म्हणजे बेट. त्यावरून मराठीत जंजिरा हा शब्द आला आणि मराठी कागदपत्रांत तो केवळ मुरूडजवळच्या एका किल्ल्यापुरता न राहता पाण्यातील कोणत्याही किल्ल्यासाठी वापरला गेला. बुरूज हा शब्दही अरबी बुर्ज यावरून आला आहे. तटाच्या ओळीतून बाहेर डोकावणारा हा गोल किंवा बहुकोनी भाग असल्याने त्यावरून तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता येतो, आणि तोफा आल्यानंतर तर त्यांची कोनाकोनांत मांडणी करण्यासाठी तो अपरिहार्य ठरला. एकट्या उभ्या असलेल्या उंच बांधकामाला मात्र मराठी मनोरा म्हणते. खांदेरीवर हे दोन्ही आहेत. बुरूज मराठ्यांचे, मनोरा इंग्रजांचा.

मुंबईच्या तोंडाशी

खांदेरी हे थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत असलेले, बेसॉल्ट खडकाचे, दोन लहान टेकड्या आणि त्यांच्यामधील सखल भाग अशा घडणीचे बेट आहे. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी हे आणखी लहान बेट आहे. मुंबई बंदराचे तोंड येथून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर येते, आणि त्यामुळे दक्षिणेकडून मुंबईत शिरणाऱ्या वा मुंबईहून निघणाऱ्या जहाजाला या बेटाच्या नजरेच्या टप्प्यातून जावे लागते. खांदेरीचे सारे महत्त्व या एका भौगोलिक वस्तुस्थितीत सामावलेले आहे. बेट सुपीक नाही, मोठे नाही, तेथे व्यापारी बंदर होण्याजोगी खाडी नाही. परंतु तेथे बसलेल्या माणसाला मुंबईत कोण आले आणि कोण गेले हे समजते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या पाण्यावर चार सत्तांचे हितसंबंध गुंतलेले होते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी होती, चौल-रेवदंड्यात पोर्तुगीज होते, जंजिऱ्यात सिद्दी होता आणि कल्याणपासून दक्षिणेकडचा बराचसा किनारा शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला होता. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आश्रयाला राही आणि पावसाळा सरला की मराठी मुलखावर उतरून जाळपोळ करी. इंग्रजांना सिद्दी नकोसा असे, पण त्याच्यामागे मुघल सत्ता आणि सुरतेचा व्यापार असल्याने त्याला हाकलणे परवडत नसे. या कोंडीवर महाराजांनी शोधलेला उपाय म्हणजे खांदेरीवर किल्ला बांधून मुंबईच्या तोंडाशीच पहारा बसवणे हा होता. १६७२ मध्ये तसा पहिला प्रयत्न झाला, परंतु इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला.

१६७९ : भिंत आणि होडी

दुसरा प्रयत्न १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस झाला. मायनाक भंडारी या आरमारी अधिकाऱ्याच्या हाताखाली सुमारे दीडशे माणसे बेटावर उतरली आणि तटाचे काम सुरू झाले. वेळेची निवड विचारपूर्वक केलेली दिसते, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरत असतानाही मोठ्या शिडांची जहाजे सहसा बंदरातच असतात, तर किनारा पाठ असलेल्या कोळी-भंडारी नाखव्यांना उघाडीचे दिवस हेरून पाच किलोमीटरचे पाणी ओलांडणे जमते. मुंबईच्या इंग्रजांनी बेट आपले असल्याचा दावा करून काम थांबवण्याची मागणी केली. मायनाकाने आपल्या राजाच्या आज्ञेखेरीज हलण्यास नकार दिला.

इंग्रजांनी प्रथम शिबाडे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. शिबाड म्हणजे व्यापारी मालवाहतुकीचे रुंद पोटाचे शिडाचे जहाज. त्यावर तोफा चढवल्या तरी त्याचा जडपणा जात नाही. १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला आणि त्यात तो मारला गेला. त्यानंतर सोळा तोफांचे रिव्हेंज हे लढाऊ जहाज आणि इतर नौका आणण्यात आल्या, कॅप्टन रिचर्ड केग्विन आणि कॅप्टन विल्यम मिंचिन यांच्याकडे सूत्रे गेली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठी आरमाराने या काफिल्यावर हल्ला केला. डव्ह ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीच्या इंग्रजी नौकांनी पळ काढला, आणि एकटी रिव्हेंज आपल्या तोफांच्या बळावर टिकून राहिली. गुराब हे दोन वा तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे जहाज असते. गलबत त्याहून लहान आणि वल्ह्यांनीही चालणारे असते.

या संघर्षाचा निकाल समोरासमोरच्या लढाईने लागला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रिव्हेंजसमोर मराठी गलबते टिकू शकत नव्हती, पण रिव्हेंजला वारा लागत असे आणि खोल पाणी लागत असे. वारा पडला की इंग्रजी जहाजे जागच्या जागी थिजत आणि नेमक्या त्या वेळी वल्ह्यांचे मराठी मचवे रात्रीच्या काळोखात, उथळ खडकांवरून, किनारा आणि बेट यांच्यामध्ये धान्य, दारूगोळा आणि बांधकामाची माणसे पोहोचवत. मचवा म्हणजे किनारी वाहतुकीची लहान होडी. तिचा तळ पाण्यात थोडाच बुडत असल्याने मोठ्या जहाजाला जिथे फिरकता येत नाही तिथून ती सहज निघून जाते. नाकेबंदी चालू असताना तट चढत गेला. नोव्हेंबरात सिद्दी कासीमही आपले आरमार घेऊन आला आणि त्याने बेटावर तोफा डागल्या, पण बेट जिंकले तर सिद्दी ते स्वतःकडेच ठेवील, ही शंका इंग्रजांना भेडसावू लागली, आणि अखेर १६८० च्या आरंभी त्यांनी महाराजांशी समेट करून खांदेरीवरील मराठ्यांचा ताबा मान्य केला. महाराजांच्या हयातीतील हे शेवटच्या मोठ्या आरमारी यशांपैकी एक होय. त्याच वर्षी ३ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले.

खांदेरीच्या तटाकडे जवळून पाहिले, तर त्या घाईच्या आणि त्या हुशारीच्या दोन्ही खुणा दिसतात. तटाच्या बाहेर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मोठमोठे दगड विस्कळीत टाकलेले आहेत. लाट तटावर थेट न आदळता या दगडांत फुटते, आणि काळाच्या ओघात त्यांच्यावर कालवे वाढतात. कालव म्हणजे खडकाला चिकटून राहणारा शिंपल्यातील जीव. त्याच्या कवचाची कड इतकी धारदार असते की ओल्या दगडांवर अनवाणी उतरणाऱ्याचे तळपाय फाटतात. शत्रूच्या सैनिकाला होडीतून उतरून तटापर्यंत पोहोचायचे तर याच पट्ट्यातून यावे लागे. खंदक खणणे अशक्य असलेल्या खडकावर समुद्रानेच खंदकाचे काम करावे आणि त्याची देखभालही समुद्रातल्या जीवांनीच करावी, अशी ही योजना आहे.

जोडबेटाचे वैर

खांदेरी हाती न लागल्याने सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले आणि तेथे तटबंदी केली. दौलतखानाने लगोलग तिच्यावर हल्ला केला, पण तो जखमी होऊन मागे फिरला. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभी झालेला हल्लाही अयशस्वी ठरला. परिणामी तोफेच्या टप्प्यात असलेल्या दोन बेटांवर दोन शत्रू समोरासमोर बसले आणि ही विचित्र अवस्था थोडीथोडकी नव्हे, तर १७६० मध्ये पेशव्यांच्या काळात उंदेरी मराठ्यांकडे येईपर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षे टिकली. बेटावरचा बुरूज एकटा असतो तेव्हा तो सागर राखतो. त्याच्यासमोर दुसरा बुरूज उभा राहिला की दोघांचीही निम्मी शक्ती एकमेकांना राखण्यात जाते, हे उंदेरीच्या चालीने सिद्ध केले.

अठराव्या शतकाच्या आरंभी खांदेरी कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा उत्तरेकडील पहारा बनली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले, तेव्हा त्यांच्याकडे सरखेलपदासह जे किल्ले कायम करण्यात आले, त्यांत खांदेरीचाही समावेश होता. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी. कान्होजींचा परवाना, ज्याला किनाऱ्यावर दस्तक म्हणत, घेतल्याशिवाय या पाण्यातून व्यापारी जहाजाने जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता, आणि इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले असले, तरी परवाना नसलेली जहाजे पकडण्याची हीच पद्धत पोर्तुगीजांनी कार्ताझ या नावाने दोनशे वर्षे आधी याच समुद्रात रूढ केली होती. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने नोव्हेंबर १७१८ मध्ये मोठा काफिला घेऊन खांदेरीवर चाल केली. तोफांचा भडिमार झाला, सैनिक उतरवण्याचे प्रयत्न झाले, पण बेट पडले नाही. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाल्यावर आंग्रे घराण्यात फूट पडली, पेशवे आणि आंग्रे यांचे संबंध बिघडले, आणि आरमाराची ताकद ओसरत गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खांदेरी इंग्रजांकडे गेली. जे बेट बूनच्या काफिल्याला दाद देत नव्हते, ते पाण्यावरील सत्ता संपल्यानंतर समुद्रावरच्या एखाद्या लढाईशिवाय हातचे गेले, कारण होड्या नसलेला जलदुर्ग म्हणजे पाण्याने घातलेला वेढाच असतो.

१८६७ : बुरुजावर दिवा

इंग्रजी अमलात खांदेरीचे लष्करी महत्त्व संपले, पण तिची जागा बदलली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईचा व्यापार झपाट्याने वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, आगबोटींची ये-जा वाढली आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होण्यापूर्वीच बंदराच्या दक्षिण वाटेवर रात्रीच्या खुणेची निकड भासू लागली. थळ ते चौल या पट्ट्यातील पाण्याखालचे आणि पाण्यालगतचे खडक जहाजांना घातक होते. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह उभे राहिले. आठ वर्षांनी, १८७५ मध्ये, मुंबईच्या दक्षिण टोकाजवळच्या खडकांवर प्राँग्ज दीपगृहाची भर पडली, आणि जहाजाला एका दिव्याच्या भरवशावर दुसऱ्यापर्यंत पोहोचता येऊ लागले.

खांदेरीचा मनोरा दगडी, अष्टकोनी आणि सुमारे २२ मीटर उंच असून, दीपरक्षकांच्या एकमजली निवासाच्या मधोमध तो वर चढतो. मनोऱ्याच्या माथ्यावर काचेची दीपखोली आणि तिच्याभोवती सज्जा असतो. बुरुजाच्या भिंतीत बंदुकीच्या माऱ्यासाठी झरोके ठेवतात, त्यांना जंग्या म्हणतात, आणि त्या आतून रुंद व बाहेरून अरुंद असतात, कारण आतल्याला बाहेरचे दिसावे आणि बाहेरच्याला आतले दिसू नये, असा त्यांचा उद्देश असतो. दीपखोलीची रचना याच्या उलट असते. तिला सर्व बाजूंनी काच असते आणि बाहेरच्याने आतला दिवा पाहावा, यासाठीच ती बांधलेली असते. एकाच बेटावर काही अंतराने असलेली ही दोन छिद्रे, जंगी आणि दीपखोली, दोन युगांचा स्वभाव सांगतात.

मनोरा टेकडीवर आणि उंच का बांधतात, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाकारात आहे. समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर दिसते, आणि जहाजावरील पाहणारा १० मीटर उंचीवर असेल तर त्याच्या बाजूने आणखी ११ किलोमीटरची भर पडते. उंचीच्या वाढीबरोबर हे अंतर सरळ प्रमाणात वाढत नाही. ते दुप्पट करायचे असेल तर उंची चौपट करावी लागते, आणि म्हणूनच भुईवरून अतिउंच मनोरा रचण्यापेक्षा आयती टेकडी मिळणे स्वस्त पडते. उंचीइतकेच महत्त्व भिंगाला आहे. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात काचेच्या पट्ट्यांच्या वर्तुळाकार पायऱ्या रचून असे भिंग तयार केले, की ज्यामुळे वर, खाली आणि बाजूंना वाया जाणारा प्रकाश वळून क्षितिजाच्या दिशेने एकवटतो. तेलाची वात असो वा विजेचा दिवा, तत्त्व तेच राहते. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा क्रम ठरलेला आणि नाविक नकाशांत छापलेला असतो, त्यामुळे काळोखात दिसणारा प्रकाश कोणत्या बेटाचा आहे, हे नाखव्याला त्या क्रमावरून ओळखता येते.

मराठी मुलखाला दिव्यांचा मनोरा नवा नव्हता. देवळासमोरच्या दीपमाळा, विशेषतः त्रिपुरी पौर्णिमेला पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लावल्या जाणाऱ्या, गावोगाव आहेत; जेजुरीच्या दीपमाळा तर सर्वश्रुत आहेत. मात्र दीपमाळ वर्षातील मोजक्या रात्री देवासाठी उजळते, आणि दीपगृह वर्षातील प्रत्येक रात्री अनोळखी माणसासाठी. खांदेरीवर या दोन्ही परंपरा शेजारी नांदतात; बेटावर वेताळाचे ठाणे आहे, पांढऱ्या रंगाने रंगवलेला भव्य खडक हेच त्याचे रूप आहे, आणि किनाऱ्यावरील कोळी समाजाची त्याच्यावर श्रद्धा आहे. तटावर लोखंडी गाड्यांवर चढवलेल्या तोफा आहेत, आणि आघात केला असता धातूच्या भांड्यासारखा नाद देणारा एक खडकही येथे आहे. वेताळ, तोफ आणि भिंग हे तिन्ही राखणदार एका फेरीत पाहता येतात, अशी जागा या किनाऱ्यावर विरळाच.

फारोसचा उलटा प्रवास

जगाच्या इतिहासात बेटावरचा सर्वांत विख्यात मनोरा अलेक्झांड्रियाचा होय. इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास, दुसऱ्या टॉलेमीच्या काळात, फारोस नावाच्या लहान बेटावर तो पूर्ण झाला आणि शंभर मीटरहून उंच असल्याने प्राचीन जगातील आश्चर्यांत गणला गेला. त्या बेटाच्या नावावरूनच फ्रेंच, इतालियन, पोर्तुगीज अशा अनेक भाषांत दीपगृहाला शब्द मिळाला. चौदाव्या शतकातील भूकंपांनी हा मनोरा ढासळला, आणि पंधराव्या शतकात इजिप्तचा सुलतान कैतबे याने त्याच जागेवर, त्याच्या दगडांचा उपयोग करून किल्ला बांधला. म्हणजे अलेक्झांड्रियात दीपगृहाचा किल्ला झाला, तर खांदेरीत किल्ल्यावर दीपगृह आले. फ्रान्समध्ये जिरोंद खाडीच्या मुखाशी खडकावर उभे असलेले, १६११ मध्ये पूर्ण झालेले कोर्दुआँचे दीपगृह मात्र चार शतके एकाच कामाला वाहिलेले आहे. फ्रेनेलचे भिंग १८२३ मध्ये प्रथम तेथेच बसवण्यात आले, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसा यादीत नोंद केली.

खांदेरीलाही हा मान मिळाला आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशांची जी बारा किल्ल्यांची मालिका स्वीकारली, तिच्यात महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे किल्ले असून, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर खांदेरीचा समावेश आहे. हा किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली येतो. भारतीय नौदलाने आपल्या दोन पाणबुड्यांना खांदेरी हे नाव दिले. पहिली ६ डिसेंबर १९६८ रोजी आणि दुसरी २८ सप्टेंबर २०१९ रोजी सेवेत दाखल झाली. शासकीय नोंदीत बेट आणि दीपगृह दोन्ही कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जातात, आणि इंग्रजांनी उभारलेल्या मनोऱ्याला त्यांना हैराण करणाऱ्या सरखेलाचे नाव लाभावे, यात इतिहासाचा न्याय आहे.

दगड मोजण्याची वेळ

वारसा ठरवताना मात्र आपल्याकडे एक भेद नकळत केला जातो. तट आणि बुरूज यांना इतिहास मानले जाते, आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या १८६७ च्या मनोऱ्याकडे केवळ सरकारी उपयोगाची वास्तू म्हणून पाहिले जाते. वास्तविक हा मनोराही आता दीडशे वर्षांहून जुना आहे. उपग्रहाधारित दिशादर्शन घरोघरच्या मोबाईलमध्ये आल्यापासून दीपगृहाची निकड कमी होत आहे आणि तिच्याबरोबर दीपरक्षकाचा व्यवसायही विरळ होत चालला आहे. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन त्याच्या जागी २०२१ मध्ये सागरी दिशादर्शक साधनांचा जो नवा कायदा आला, त्याने वारसा दीपगृहांची कल्पना मान्य केली, हे स्वागतार्ह असले, तरी खांदेरीवर तट व मनोरा ही एकाच जागेच्या कथेची दोन प्रकरणे आहेत, ही दृष्टी संवर्धनाच्या आराखड्यात उतरणे आवश्यक आहे.

हाच निकष जाफराबादलाही लागू करावा लागेल. जागतिक यादीत गेलेले बारा किल्ले सुरक्षित होतील, परंतु नदीकाठच्या गढ्या कोणत्याही यादीत नसतात, आणि ज्या गावाला आपल्या तटाची लांबी ठाऊक नसते, त्या गावात तटाचा दगड घराच्या जोत्यात जायला वेळ लागत नाही. पूर्णा-केळनेच्या संगमावरील तटाचे उरलेले अवशेष मोजणे, त्यांचा नकाशा काढणे, हिजरी १०७६ च्या शिलालेखाचा स्वच्छ ठसा घेऊन त्याचे मराठी वाचन गावातच उपलब्ध करणे, या कामांना मोठा निधी लागत नाही. त्यांना शाळा-महाविद्यालयातील इतिहासाचे शिक्षक, दोन-चार उत्साही विद्यार्थी आणि मोजपट्टी पुरेशी आहे. येत्या उन्हाळ्यात नद्यांचे पाणी उतरेल तेव्हा जाफराबादकरांनी हे काम हाती घ्यावे.